का पडलास, ते आधी सांग

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षं शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बाईंनी ते लिहिलं आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीला त्यांचे आठवड्यातून ३५ मिनिटांचे दोन तास असतात. या वर्षी नव्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, की दोनातला एक तास वर्गात घ्या, थिअरी शिकवा, वह्या करून घ्या आणि सहामाहीला २० गुणांची लेखी चाचणी ठेवा. बाईंनी फळ्यावर व्याख्या लिहून दिल्या, मुलांनी त्या उतरवून घेतल्या. चाचणीत खो-खो संघातल्या सगळ्यात चपळ मुलीला २० पैकी ४ गुण पडले आणि मैदानात कधीच न उतरणाऱ्या एका मुलाला १९. तेव्हापासून ती मुलगी सरावाला येत नाही. विचारलं तर म्हणाली, "बाई, मला पळाय येतंय, लिवाय येत न्हाई. मग मी ढच की." बाई विचारतात, "मैदानाच्या तासासाठी मुख्याध्यापकांशी भांडू, की गप्प बसून वह्या भरून घेऊ? खरं सांगते ताई, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, बी.पी.एड.ला, मीही हे सगळं पाठ करून पास झाले. आता त्यातलं निम्मं आठवतही नाही."

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मुलीच्या वाक्यापाशी अडखळले. म्हणून सुरुवात तिच्यापासून करते. मुख्याध्यापकांचं नंतर बघू.

या आठवड्यातच तिला गाठा. सरावाला का येत नाहीस, हे विचारू नका, त्याचं उत्तर तिनं देऊन झालंय. तिला मैदानात खांबापाशी न्या आणि विचारा, "इथं वळताना तू एवढी खाली का जातेस?" ती म्हणेल, "तसंच पळत्यात की बाई." मग तिला ताठ अंगानं, तेवढ्याच वेगात वळायला सांगा. ती दोन पावलं बाहेर फेकली जाईल. पुन्हा तिच्या पद्धतीनं वळू द्या, गुडघ्यात वाकून, अंग खांबाकडे झुकवून. ती झटक्यात वळेल. आता विचारा, काय फरक पडला? ती तिच्या शब्दांत सांगेल की खाली गेलं की तोल सुटत नाही, आत झुकलं की बाहेर ओढलं जात नाही. बाई, तुम्ही फळ्यावर 'गुरुत्वमध्य', म्हणजे अंगाचं सगळं वजन जिथं एकवटतं ती जागा, असा शब्द लिहून त्याची व्याख्या दिली असणार. व्याख्या तिला आली नाही, पण ती गोष्ट तिच्या पायांत तीन-चार वर्षांपासून आहे. तिला जे येतं त्यालाच हे नाव आहे, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा. २० पैकी ४ हा आकडा तिच्या मनातून काढायचा तर गोड बोलून निघणार नाही, तिचं ज्ञान तिच्याच तोंडून वदवून घ्यावं लागेल.

तुमच्या प्रश्नात दोनच वाटा दिसतात, भांडायचं नाहीतर वह्या भरायच्या. दोन्ही वाटांच्या मुळाशी एकच समजूत आहे: थिअरी म्हणजे वर्गात बसून लिहायची गोष्ट आणि मैदान म्हणजे न बोलता घाम गाळायची जागा. ही समजूत मुख्याध्यापकांची आहे, तशीच तुमचीही आहे. म्हणून तर थिअरीचा तास वाढला की मैदानाचा कापला जातो, असं तुम्हाला वाटतं.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला हे पटायला नको. मी लहान असताना माझे मामा तालमीत जायचे आणि त्यांच्यासाठी दुधाची किटली घेऊन मी दारापर्यंत जायची. आत मुलींना मज्जाव होता, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून जेवढं दिसेल तेवढं बघायची. एक प्रसंग मनात घट्ट बसलाय. दोन पोरं लाल मातीत झुंजत होती, त्यातलं एक एकेरी पटावर, म्हणजे एक पाय धरून पाडायच्या डावावर, सापडून खाली आलं. ते लगेच उठून पुन्हा भिडायला निघालं, तर हौद्याच्या कडेला बसलेल्या वस्तादांनी त्याला थांबवलं. "पडलास त्येचं काय न्हाई. का पडलास, त्ये आदी सांग." पोरगं गडबडलं. वस्ताद थांबले. दुसऱ्यालाही हलू दिलं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणालं, "वजन म्होरच्या पायावर हुतं." "हां. आता लाग." पुढच्या खेपेला त्याचं वजन मागच्या पायावर होतं.

ती थिअरी होती, बाई. वही नव्हती, फळा नव्हता, पण ज्ञान पुरेपूर होतं, आणि ते नेमक्या वेळेला आलं: अंगाला ठेच लागल्यावर आणि पुन्हा करून बघायच्या आधी. कलाजंग, ढाक, धोबीपछाड, मोळी ही सगळी डावांची नावं म्हणजे तरी काय? तोल, टेकू आणि वेळ यांचं शास्त्रच माणसांनी नावं देऊन जपून ठेवलंय. आपल्या शाळांनी तालमीकडून जोर-बैठका घेतल्या, पण वस्तादांचा तो प्रश्न घेतला नाही.

ज्ञान नसलं की काय होतं, तेही याच मातीतल्या माणसाच्या वाट्याला आलंय. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना सवय नव्हती, तरी सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जपानच्या मल्लाशी दमवणारी लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभं केलं. नियमाप्रमाणे दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तसा आग्रह धरायला भारताचा अधिकारी तिथं हजर नव्हता. तुमच्या वर्गात नियमांचा धडा कुणाला कंटाळवाणा वाटला, तर ही गोष्ट सांगा. मग मुलांना विचारा, त्या जागी तुम्ही असता तर पंचांना काय म्हणाला असता?

आता जरा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्याची झाली ४२० मिनिटं. तुमचे दोन्ही तास मैदानात घेतले, हजेरी आणि रांगा यांना एक मिनिटही दिलं नाही, तरी होतात ७०. सहावा हिस्सा. म्हणजे मुलांच्या अंगाला लागणारा व्यायाम शाळेच्या तासात पुरा होणं शक्यच नाही, मुख्याध्यापक कितीही चांगले असले तरी. उरलेली ३५० मिनिटं गल्लीत, तालमीत, रंकाळ्यावर, सायकलवर किंवा मोबाईलसमोर जाणार. ती कशी जावीत, याचं भान मूल तुमच्या तासातून घेऊन बाहेर पडलं तर तो तास कारणी लागला. यासाठी थिअरी हवी. इथं मी तुमच्या मुख्याध्यापकांच्या बाजूची आहे आणि ते मोकळेपणानं सांगते. त्यांनी निवडलेली रीत मात्र मला पटत नाही.

रीत कशी असावी, तर आधी अंगाला प्रश्न पडू द्यायचा, मग दोन मिनिटं बोलायचं, मग लगेच पुन्हा करून बघायचं. ३५ मिनिटांत बोलणं पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि एका तासाला एकच गोष्ट.

सुरुवात नाडीपासून करा, त्याला काहीच खर्च नाही. मुलांना सावलीत बसवून मनगटावर नाडी शोधायला शिकवा. पहिल्या दिवशी निम्म्यांना सापडणार नाही, त्यांना गळ्याच्या बाजूला हलकं बोट टेकवून शोधू दे. तुम्ही शिट्टी द्या, १५ सेकंद मोजू दे, चारनं गुणू दे. मग मैदानाच्या दोन फेऱ्या. थांबल्याथांबल्या पुन्हा १५ सेकंद. एक मिनिट उभं राहून पुन्हा १५ सेकंद. समजा एकाचे आकडे आले ८०, १६८, १२८. शेजारच्याचे आले ७२, १६०, १००. आता मुलं तुम्ही न विचारताच विचारतील, "बाई, ह्याचं एवढं लवकर कसं खाली आलं?" हा प्रश्न फळ्यावर व्याख्या लिहून कधीही आला नसता. मग सांगा, की हृदय हा स्नायू आहे, सरावानं तो एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतो, म्हणून कमी ठोक्यांत भागतं आणि दम लवकर ओसरतो. हे तीन आकडे तारखेसह वहीत लिहून घ्या. हेच सहा आठवडे, आठवड्यातून एकदा. एक मात्र पहिल्याच दिवशी ठासून सांगा: शेजाऱ्याशी तुलना करायची नाही, ज्यानं-त्यानं आपल्याच मागच्या आठवड्याच्या आकड्याशी करायची. नाडी जात्याच प्रत्येकाची वेगळी असते. आणि फेरी मारताना कुणाला छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नुकतंच तापातून उठलेलं कुणी असलं, तर त्यानं पळायचं नाही, हाही त्याच धड्याचा भाग.

गोळाफेकीचं तर मला फार आवडतं, कारण तिथं पुस्तक आणि मैदान यांची गाठ पडते. फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जायची तर ४५ अंशांत फेकावी, असं गणित सांगतं. नववीचं हुशार पोरगं ते ऐकून असतं. दोन खांबांना वेगवेगळ्या उंचीवर दोरी बांधा, तिच्यावरून गोळा टाकायला लावा आणि टेपनं मोजा. दोरी फार वर नेली की अंतर घटायला लागतं. का? गोळा जमिनीवरून सुटत नाही, खांद्याच्या वरून सुटतो. शिवाय हाताला वरच्या दिशेपेक्षा पुढच्या दिशेला जास्त जोर लावता येतो. चांगले गोळाफेकपटू ४५ पेक्षा कमी कोनातच फेकतात, साधारण ३५ ते ४०. पुस्तकातलं गणित खोटं नव्हतं, त्यात माणसाचा खांदा धरलेला नव्हता. ज्या मुलाला हे स्वतःच्या हातानं कळलं, तो पुढं कुठलंही सूत्र डोळे मिटून गिळणार नाही. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम आहेतच. विज्ञानाच्या सरांना एका तासाला मैदानात बोलवा, तेही खुशीनं येतील.

दुखापतीचा धडा मात्र काहीही झालं तरी घ्या. घोटा मुरगळला की आपल्याकडे तेल लावून खसाखसा चोळतात आणि सूज वाढवून ठेवतात. खेळ थांबवायचा, बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं धरायचा, पट्टी बांधायची, पाय उंचावर ठेवायचा आणि चोळायचं नाही, हे मुलांना एकमेकांच्या पायावर करून बघू दे. दुखऱ्या पायावर वजन देऊन चार पावलंही टाकता येत नसतील तर सरळ डॉक्टरांकडे. डोक्याला मार लागला आणि गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, संघ हरला तरी नाही. एका वर्गातल्या साठ मुलांना हे आलं, तर साठ घरांत पोचतं.

बी.पी.एड.चं निम्मं आठवत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. मला वाटतं, खरी भीती तिथं आहे. मैदानात मुलानं 'का' विचारलं आणि उत्तर आलं नाही तर? बाई, त्यातल्या काही गोष्टी आता बदलल्याही आहेत. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे, असं आपण सगळे शिकलो. ते तर साधारण तासाभरात निवळतं. दुसऱ्या दिवसाचं दुखणं सवय नसलेल्या स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळे असतं. पळण्याआधी जागेवर उभं राहून स्नायू बराच वेळ ताणून धरायचे, हेही आता कुणी आग्रहानं सांगत नाही. हळू धाव, गुडघे वर, पाय झुलवणं असं हालतं-चालतं वॉर्मअप बरं पडतं. म्हणजे पाठ केलेलं जसंच्या तसं आठवत असतं, तरी ते पुन्हा तपासावंच लागलं असतं. आठवड्याला एकच प्रश्न घ्या आणि आदल्या रात्री तेवढाच वाचा. उत्तर आलं नाही तर "पुढच्या तासाला बघून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. अकरा वर्षं पोरांच्या पायांकडे बघत आलेल्या बाईंकडे पुस्तकाहून जास्त आहे.

मुख्याध्यापकांशी भांडू नका. शाळाशाळांत गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, हे तुम्ही अनुभवलं असेल. ज्या विषयाला वही आहे, चाचणी आहे, त्याचा तास कुणी सहज मागत नाही. कदाचित हे सर तुमच्या विषयाला मान मिळवून द्यायलाच निघालेत. त्यांना कागद हवाय, तर कागद द्या. सहा आठवड्यांच्या नाडीच्या नोंदी त्यांच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, की २० गुण ठेवूया, फक्त वाटणी बदलूया. आठ गुण नोंदवहीला, आठ गुण मैदानात करून दाखवून 'का' ते तोंडी सांगायला, आणि चार लेखी. तोंडी परीक्षेला वेळ लागतो, साठ मुलांची एका तासात होणार नाही. रोजच्या तासाला पाच-पाच मुलं घेतलीत तर सहा आठवड्यांत निघेल. ते 'नाही' म्हणाले तर एका तुकडीपुरती एका सत्राची मुभा मागा. तेवढी बहुतेक मिळते.

वर्गातला तास सगळा सोडायचा असंही मी म्हणत नाही. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पाऊस काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. फक्की मारलेल्या रेषा दिवसभरही टिकत नाहीत. ते तास वर्गाचेच. शिवाय काही गोष्टी धापा टाकत बोलता येत नाहीत. खाणं, झोप, आणि मुलींशी पाळीबद्दल. पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नसते, ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी न खेळण्यातही काही कमीपणा नाही, आणि रक्त फार जात असेल किंवा सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, हे शाळेत सांगायला तुमच्याइतकी योग्य बाई दुसरी कोण? पावसाळी तासातही अंग विसरू नका. मुलांना फरशीवर पालथं झोपवून हातात लेझीम धरायला द्या आणि तिचं टोक भिंतीवरच्या ठिपक्यावर रोखायला सांगा. श्वासागणिक टोक हलेल. मग राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवा, ज्यानं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तिन्ही स्थितींत त्याला हाच श्वास सांभाळावा लागतो.

हे वाचणाऱ्या पालकांनाही एक सांगते. मूल तालमीतून, फुटबॉलहून, पोहून घरी आलं की "जिंकलास का?" एवढंच विचारू नका. "आज काय जमलं नाही, आणि का?" असं विचारा आणि त्याला सांगू द्या. दहावी आली म्हणून खेळ बंद करायच्या आधी त्याला स्वतःची झोप, दम आणि अभ्यास यांची महिनाभर नोंद ठेवायला लावा, मग दोघांनी बसून ठरवा.

आता तो १९ गुणांचा मुलगा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल थोडा राग जाणवला. पळणारी नापास आणि बसून राहणारा पास, हे तुम्हाला अन्यायाचं वाटतं, ते मी समजू शकते. पण त्याच्या बाजूनंही बघा. पीटीच्या तासाला इतकी वर्षं तो झाडाखाली बसत आलाय. जाड असेल, दमा असेल, एकदा पडून सगळे हसले असतील. या विषयात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी 'येतं' म्हणालंय. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. फक्त त्याला कायमचा गुणलेखक करून टाकू नका. आपण प्रेमानं अशी कामं देतो आणि मूल पुन्हा झाडाखालीच राहतं.

या शनिवारी सकाळची शाळा असेल. कवायत झाली की सेकंदकाट्याचं घड्याळ आणि एक वही घेऊन त्या दोघांना मैदानाच्या कडेला बोलवा. पहिल्या फेरीला ती पळेल आणि स्वतःची नाडी मोजेल, आकडे तो लिहील. दुसऱ्या फेरीला तो जाईल, जमेल तसा, चालत गेला तरी चालेल, आणि त्याचे आकडे ती लिहील.